सही नाकारणारा हात



स्वतःची मूल्ये कोणती, हे प्रत्येक माणसाला ठाऊक असते असे सामान्यतः गृहीत धरले जाते. शिबिरात प्रश्न विचारला तर सत्य, समता, श्रमप्रतिष्ठा ही उत्तरे तत्परतेने येतात. परंतु कामाच्या ठिकाणी वरिष्ठ एक कागद पुढे सरकवतो, त्यातील मजकूर खरा नाही हे दोघांनाही माहीत असते आणि खाली सहीची जागा मोकळी असते. त्या क्षणापर्यंत ही सारी मूल्ये उसनीच असतात. खोटेपणाशी आणि दुबळ्या नेतृत्वाशी गाठ पडल्यावरच माणसाला आपले स्वतःचे काय आहे याचा शोध लागतो.

१९८६ साली अमेरिकेत घडलेला प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. प्रसंग अवकाशयानाचा असला, तरी त्यातील पेच गिरणीतल्या, कचेरीतल्या किंवा सहकारी संस्थेतल्या माणसाला मुळीच परका वाटणार नाही.

‘चॅलेंजर’ यानाला लागणारे घन इंधनाचे अग्निबाण मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवीत असे. अग्निबाणाच्या भागांमधील सांध्यांतून तप्त वायू निसटू नयेत म्हणून तेथे रबराच्या कड्या बसविलेल्या असत. जानेवारी १९८५ मधील एका थंडीतल्या उड्डाणानंतर वायू निसटल्याच्या काजळीच्या खुणा सांध्यांत आढळल्या. थंडीत रबर ताठर होते आणि सांधा वेळेवर बंद होत नाही, ही धास्ती तेथून बळावली. रॉजर बोजोले या अभियंत्याने ३१ जुलै १९८५ रोजी वरिष्ठांना लेखी बजावले की, हा प्रश्न सुटला नाही तर प्राणहानीचा अनर्थ ओढवेल. अभ्यासगट नेमला गेला; मात्र त्याला पुरेशी माणसे व साधने मिळाली नाहीत.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री दूरध्वनीवरून बैठक भरली. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडणार होती. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नये, अशी शिफारस अभियंत्यांनी केली. नासाच्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाही. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर येऊन पडली. कंपनीने विचारासाठी थोडा वेळ मागून घेतला आणि चार वरिष्ठ व्यवस्थापकांनी निर्णय आपल्या हाती घेतला. त्यांपैकी रॉबर्ट लंड हे अभियांत्रिकीचे प्रमुख असून तोवर अभियंत्यांच्या बाजूने होते. अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावी, असे त्यांना वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी ती घातली आणि शिफारस फिरली.

फ्लोरिडातील उड्डाणतळावर कंपनीचे प्रतिनिधी म्हणून ॲलन मॅकडॉनल्ड हजर होते. संमतिपत्रावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. ती सही यूटा येथील कार्यालयातून दुसऱ्या अधिकाऱ्याने करून पाठविली. २८ जानेवारीला उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत यान नष्ट झाले. सातही प्रवासी मृत्यू पावले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका होती.

लंड आणि मॅकडॉनल्ड या दोघांपुढे धोक्याचा इशारा सारखाच होता. फरक पडला तो एका गोष्टीने: कोणती वस्तू सौद्यात घालायची नाही, याचा निर्णय एकाने केला आणि दुसऱ्याने तो वरिष्ठांवर सोपविला. दुबळ्या नेतृत्वाचे लक्षण हेच, की ते उघडपणे खोटे बोलण्याचा आदेश क्वचितच देते. ते फक्त टोपी बदलण्यास सांगते आणि सदसद्विवेक हा जणू खात्याबाहेरचा विषय ठरवते.

पुढे चौकशी आयोगासमोर मॅकडॉनल्ड यांनी कंपनीचा मूळ विरोध उघड केला; बोजोले यांनी आपली कागदपत्रे सादर केली. दोघांनाही कंपनीत बाजूला सारण्यात आले. आयोगाने आणि अमेरिकी संसदेच्या सदस्यांनी जाब विचारल्यावर मॅकडॉनल्ड यांच्याकडे सांध्याच्या नव्या रचनेचे काम आले. बोजोले यांनी नोकरी सोडली आणि नंतरची वर्षे व्यावसायिक नीतीवर व्याख्याने देण्यात घालविली. अमेरिकेतील विज्ञानप्रसारक संघटनेने १९८८ साली त्यांचा गौरव केला. परंतु गौरवाने गेलेली नोकरी परत येत नाही.

भारतातही ही किंमत मोजली गेली आहे. राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी कामातील गैरव्यवहाराविषयी २००२ साली पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि नाव गुप्त राखण्याची विनंती केली. पत्र नावासह कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. न्यायालयात ती लुटीतून झालेली हत्या ठरली. परंतु विश्वासाने सांगितलेले नाव न राखण्याचा शासनाचा दोष त्याने धुतला जात नाही. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तो अंमलात आणण्याचे टाळले गेले.

चळवळीतील कार्यकर्त्याने यातून घ्यावयाचा बोध केवळ वैयक्तिक धैर्याचा नाही. ज्याच्या घरी महिनाअखेरीस पगाराची वाट पाहिली जाते, त्याच्याकडून एकट्याने हुतात्मा होण्याची अपेक्षा करणे ही निष्ठुरता आहे. मूल्याचा शोध एकट्याला लागतो; ते टिकविण्याचे काम मात्र सर्वांचे असते. खोट्या कागदावर सही न करणाऱ्याच्या बदलीच्या, बढतीच्या आणि चौकशीच्या वेळी संघटना त्याच्या बाजूला उभी राहते की नाही, यावर तिची पारख व्हावी. पगारवाढीच्या मागणीइतकीच ही मागणीही कामगारांच्या हक्काची आहे.

आणि हा नियम कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. संघटनेच्या स्वतःच्या कार्यालयातही सभासदसंख्या फुगविली जाते, न झालेल्या सभेचे इतिवृत्त लिहिले जाते, हिशेबाच्या वहीवर न पाहता सही मागितली जाते. तेथे प्रश्न विचारणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला चळवळीच्या हिताची टोपी घालण्यास सांगितले जात असेल, तर त्या चळवळीचे सांधेही थंडीत ताठरू लागले आहेत असे समजावे. त्या तरुणाचा नकार नीट ऐकून घेणे, इतिवृत्तात नोंदविणे आणि त्याला उत्तर देणे, एवढे तरी प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या बैठकीपासून सुरू करावे.