जखम नाही म्हणजे संमती नव्हे
(दिंद्रुड, जि. बीड येथील भाषण)



आज मी आपणांपुढे एका मुलीच्या खटल्याची हकीकत मांडणार आहे. तिचे नाव मी घेणार नाही. त्याचे कारण पुढे कळेलच.

२६ मार्च १९७२ च्या रात्री विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीस चौकशीसाठी नेण्यात आले. ती पोरकी होती व मोलमजुरी करून पोट भरीत होती. तिच्याबरोबरची माणसे बाहेर ताटकळत होती, आणि आत ठाण्यातच आपल्यावर बलात्कार झाला, अशी तिची फिर्याद होती. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही शिपायांना सोडून दिले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भयापोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्याने सांगितले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमांच्या खुणा नाहीत या गोष्टीस महत्त्व देऊन, शिपायांना निर्दोष ठरविले.

विचार करा. रात्रीची वेळ, पोलिसांचे ठाणे, अंगावर सरकारी गणवेश, आणि समोर एक गरीब पोर. तिने कोणाच्या बळावर झुंजावयाचे होते? ही अपेक्षा करणारा कायदा इंग्रजांनी १८६० व १८७२ साली केला होता. स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभाही त्यातच होती.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेची ओळख छापण्यास मनाई झाली. म्हणून मी तिचे नाव घेत नाही. २००३ पासून चारित्र्याची ती मुभा गेली. २०१३ साली कायद्याने स्पष्ट म्हटले की, प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. ज्या मुलीमुळे हे झाले, तिला मात्र न्याय मिळाला नाही.

आता आपल्या गावाकडे पाहा. येथील कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस जातात. कोयता पुरा व्हावा म्हणून कोवळ्या मुलींची लग्ने लावली जातात. लक्षात ठेवा, अठरा वर्षांखालील पत्नीवरील बळजोरी आज कायद्याने बलात्कारच आहे. दूरच्या फडावर, कोपीवर अत्याचार झाला, तरी फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते; हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. बलात्काराची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावयाची असते. तिची प्रत विनामूल्य मिळते, औषधोपचारही विनामूल्य मिळतात. फिर्याद नोंदविण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे. पीडित स्त्री दलित वा आदिवासी आणि आरोपी इतर समाजाचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावण्याचा आग्रह पहिल्याच दिवशी धरा. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात तो कायदा न्यायालयात लागू झाला नाही, हे विसरू नका.

सुधारणा अजून पुरी झालेली नाही. अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजोरी आजही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. विवाह झाला म्हणून स्त्रीची ‘नाही’ म्हणण्याची सत्ता संपते काय? समतेच्या संविधानाखाली या प्रश्नाचे उत्तर कायदेमंडळाने दिलेच पाहिजे.

परंतु पुस्तकातला कायदा आपल्या पायांनी ठाण्यात जात नाही. त्याला घेऊन कोणीतरी जावे लागते. उद्या वस्तीतील एखादी मुलगी रडत आपल्या दारी आली, तर ‘अब्रू जाईल’ म्हणून तिला गप्प करू नका. अब्रू गुन्हेगाराची जावयास हवी. तिच्याबरोबर उठा आणि चालू लागा.

जयभीम!