प्रयोजन शोधायचं कुठे?

आयुष्याचं प्रयोजन आपल्या आत कुठेतरी दडलेलं असतं, डोळे मिटून शोधलं की सापडतं, अशी समजूत हल्ली रूढ झाली आहे. तिच्या पुष्टीसाठी ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांचे दाखलेही दिले जातात. त्यांचे ग्रंथ वाचू लागलं की मात्र निराळंच दिसतं. गुलामीत वाढलेला एपिक्टेटस पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा चालवी. शिष्य एरियनने टिपून ठेवलेल्या प्रवचनांत तो सांगतो, कर्तव्य ओळखायचं तर आपण कोण आहोत ते पाहा: आधी माणूस, मग जगाचे नागरिक, मग कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. प्रयोजनाचा पत्ता असा नात्यांत आणि जबाबदाऱ्यांत लागतो. त्या कोणत्या वृत्तीने पार पाडायच्या, एवढंच आपल्या आतलं. इ.स. १६१ ते १८० या काळात रोमवर राज्य करणारा मार्कस ऑरेलियसही तेच म्हणतो. त्याच्या खासगी टिपणांच्या पाचव्या भागाच्या आरंभी अंथरुणाची ऊब सोडवत नाही म्हणून तो स्वतःलाच खडसावतो: चिमण्या, मुंग्या, मधमाश्या आपापल्या कामाला लागतात, मग माणसाचं काम करायला तू का कुरकुरतोस?

यावर कोणी म्हणेल, ही तर मुकाट्याने मान तुकवायची शिकवण झाली. एपिक्टेटसनेच सांगितलेली एक हकिकत याचं उत्तर देते. हेल्विडियस प्रिस्कस या सिनेटरला सम्राट वेस्पेशियनने सभेला येऊ नकोस असं कळवलं. सभासद आहे तोवर येणारच, असं हेल्विडियसने सुनावलं. ये, पण गप्प बस, असं सम्राटाने बजावलं, तेव्हा मत विचारलंत तर योग्य वाटेल ते बोलेन, हे उत्तर आलं. पुढे त्याला हद्दपार करून ठार मारण्यात आलं. पत्करलेली भूमिका इमानाने निभावणं म्हणजे सत्तेपुढे वाकणं नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. गुलामगिरीच नाहीशी करा, असं ना एपिक्टेटसने म्हटलं, ना मार्कसने तसा कायदा केला. परंपरेने गळ्यात मारलेली भूमिकाच अन्यायाची असेल तर काय, याचं पुरतं उत्तर त्यांनी दिलं नाही. पण ते त्यांच्याच विचारातून काढता येतं. एपिक्टेटसच्या यादीत माणूस पहिला आहे. जी भूमिका माणुसकीला बाधा आणते, ती मोडणं हेच मग कर्तव्य ठरतं. एवढी कसोटी हाताशी असली, की अंतरीचा साक्षात्कार होण्याची वाट पाहत बसायला नको. आज कुणाचं काय देणं लागतो, हे विचारावं आणि फेडायला लागावं.