सातवीची सरासरी आणि मी काढलेला आलेख

आजच्या भागात पाहुणा नाही. मी एकटाच आहे आणि माझीच एक चूक सांगणार आहे.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. सातवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पुढे बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोजचं काम डेटाचंच. मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा डोक्यात आलं की आपल्या शाळेसाठी काहीतरी करू. आमची शाळा आणि फाट्यावरची इंग्रजी शाळा, दोन्हींचे सातवीचे वार्षिक गुण ओळखीपाळखीतून मिळवले. नावं काढून टाकली, सरासरी काढली, दोन रंगांचे दोन खांब उभे केले. आमचा खांब बराच बुटका. खाली लिहिलं, "गावकऱ्यांनो, जागे व्हा!" आणि दिलं टाकून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

मला वाटलं होतं, लोक शाळेत जाऊन जाब विचारतील. लोक शाळेत गेले खरे, पण दाखले काढायला. जूनमध्ये सहा मुलं इंग्रजी शाळेत गेली.

मग बाईंचा फोन आला. मला सहावीत गणित शिकवलेल्या बाई. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आलेख छान काढलास रे. आता एकदा हजेरीपुस्तक बघायला ये."

गेलो. बाईंनी मागच्या वर्षीच्या सातवीची पानं उघडली. दिवाळीनंतर अर्ध्याअधिक नावांपुढे गैरहजेरीच. ही ऊसतोड कामगारांची मुलं. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, त्यामुळे जाणं टळत नाही. सहावी-सातवीतलं पोर सोबत जातं, कारण कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागतंच. मुलांनी मागे राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. घरी आजी असली तरी मूल राहतं. पण सगळ्यांचं तसं जमत नाही.

माझ्या शीटमध्ये हे काहीच नव्हतं. निम्मं वर्ष फडात काढलेली मुलगी आणि बारा महिने शाळा अधिक ट्यूशन मिळालेला मुलगा, दोघंही फक्त एकेक ओळ. त्यात दोन्ही शाळांचे पेपर वेगळे, तपासणारे वेगळे. म्हणजे मोजपट्ट्याही दोन!

आता एक छोटं गणित करू. आकडे निव्वळ उदाहरणासाठी आहेत. समजा वर्गात २० मुलं आहेत. वर्षभर गावात राहणाऱ्या १० जणांना प्रत्येकी ७० गुण, फडावर जाणाऱ्या १० जणांना ४०. सरासरी ५५. पुढच्या वर्षी गावात राहणाऱ्यांपैकी सहा जण दाखला घेऊन गेले. उरले १४. बाईंनी जीव तोडून शिकवलं आणि उरलेल्या प्रत्येकाचे पाच गुण वाढले. म्हणजे चार जणांना ७५, दहा जणांना ४५. सरासरी किती? ५३.६!

लक्षात आलं का? एकूण एक मूल पुढे गेलं आणि शाळेची सरासरी खाली आली. माझ्यासारखा कोणीतरी पुन्हा आलेख काढणार, खांब अजून बुटका, की अजून दाखले. वर शिक्षकांची पदं ठरतात संचमान्यतेत, आणि संचमान्यता होते पटावरून. पट घसरला की पद जातं. पद गेलं की एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. मग शिकवणं खरंच घसरतं. आमच्या भाषेत याला फीडबॅक लूप म्हणतात. त्या लूपला मी मोफत इंधन पुरवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सरकारी शाळांना सगळं माफ? अजिबात नाही. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ६९.६ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे दहातली तीन मुलं आठवीपर्यंत पोचली, पण वाचनात मागेच राहिली. हे शाळेला विचारायलाच हवं. बाई स्वतःच म्हणाल्या, "आमचंही चुकतं. पण प्रश्न नीट विचार ना."

नीट प्रश्न कोणता? ही शाळा त्या शाळेपेक्षा किती मागे, हा नव्हे. हेच मूल गेल्या वर्षी कुठे होतं आणि आज कुठे आहे, हा. म्हणून शाळांचा कुठलाही आलेख फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. वर्गात मुलं कोणाची आहेत? किती दिवस शाळेत होती? आणि सुरुवात कुठून केली होती?

मी ग्रुपवर चूक कबूल केली. आलेखाला शंभरावर प्रतिक्रिया आल्या होत्या, माफीला दोन अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा. सहा मुलं काही परत आली नाहीत. त्यांचं तिथे भलं होवो, खरंच.

बाईंनी मला शिक्षा म्हणून काम दिलंय. दसऱ्याला, टोळ्या गाव सोडायच्या आधी, प्रत्येक मुलाजवळ बसायचं. एक उतारा वाचून घ्यायचा, एक भागाकार सोडवून घ्यायचा आणि वहीत नोंद करायची. टोळ्या परतल्या की त्याच मुलांजवळ पुन्हा बसायचं. यंदा मी सुट्टी टाकलीये. लॅपटॉप नेणार होतो, बाई म्हणाल्या, "वही आण."

तुमच्या शाळेची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!