विषाचा व्यापार आणि आमचे पाणी

(कोळगाव येथे वर्षावासाच्या सांगता कार्यक्रमात केलेले भाषण)



तथागतांनी उपासकांसाठी पाच व्यापार निषिद्ध सांगितले. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पाचव्या व्यापाराकडे आजवर आमचे फारसे लक्ष गेले नाही. विष म्हणजे पुडीत बांधून विकलेले, एवढीच आमची समजूत. माल बाटलीत भरून बाजारात पाठवायचा आणि विष नाल्यात सोडायचे, यालाही व्यापारच म्हणायचे की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही आज उभे आहोत.

येथून बोईसर हाकेच्या अंतरावर. तारापूरची औद्योगिक वसाहत आली आणि आमच्या घरात पहिला पगार आला, हे आम्ही नाकारत नाही. त्या पगारावर आमची मुले शिकली. पण त्याच काळात खारेकुरण-मुरबे खाडीतून निवट्या, बोय, चिंबोऱ्या कमी होत गेल्या. आमच्या आया भांग-उधाणाचा हिशेब ठेवून खाडीवर जात. आता सुना बाजारातून मासळी आणतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात शंभर औद्योगिक क्षेत्रांत तारापूरला 93.69 गुण मिळाले, म्हणजे प्रदूषणात देशात पहिला नंबर! सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते, पण त्याची क्षमता दिवसाला 25 दशलक्ष लिटरची आणि येणारे पाणी त्याहून अधिक. उरलेले कुठे गेले, ते नवापूर-दांडीच्या मच्छीमारांना विचारा.

त्यांनीच हिंमत केली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि जानेवारी 2022 च्या निकालात 103 कारखान्यांवर व प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी टाकली. ज्याने घाण केली त्याने भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच मान्य केले होते. ते आमच्या खाडीपर्यंत पोहोचायला पाव शतक लागले. आणि भरपाई भरली की निवटी परत येते, असेही नाही.

कारखानदार म्हणतात, आम्ही वह्या वाटतो, आरोग्य शिबिरे घेतो. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले आहे. वह्या आम्ही घेऊ. पण दोन टक्के दान उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा जाब पुसून टाकत नाही. सांडपाणी शुद्ध करायला चुना लागतो, वीज लागते, गाळ तळोज्याला पाठवायला भाडे लागते. हा खर्च मालाच्या किमतीत धरायचा असतो. तो वाचवला म्हणजे तो आमच्या विहिरीवर चढवला. आमच्या मते याला काटकसर म्हणत नाहीत, उधारी म्हणतात, आणि तीही न विचारता घेतलेली.

आता थोडे आपल्याच घरातले. रात्रपाळीला व्हॉल्व्ह फिरवणारा हात मालकाचा नसतो, तो आपल्यापैकी कुणाचा तरी असतो. आमच्याच वस्तीतल्या एका कंत्राटी मुलाला पावसाच्या रात्री टाकी नाल्यात सोडायला सांगितले. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेटवर पास घेतला गेला. त्या महिन्यात त्याच्या घरी चूल कशी पेटली, ते आम्हांला ठाऊक आहे, आणि आम्ही तेव्हा गप्प बसलो, हेही ठाऊक आहे. पाण्यासाठी 1927 साली महाडला गेलेल्यांचे वारस म्हणवणाऱ्या आम्हांला ते शोभले नाही.

म्हणून विहारात एक वही ठेवली आहे. नाल्याला रंग आला, वास आला, मासे मेले, की तारीख, वेळ, ठिकाण लिहा. तक्रार मंडळाच्या सहीने जाईल, कुणा एकट्याच्या नावाने नाही. कामावरून काढलेल्याच्या घरी तीन महिने धान्य पोहोचवायचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. त्यासाठीची पेटी दाराशी आहे.

जयभीम!