घाट उतरताना गिअरचे महत्त्व
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात मालवाहतूकदार व चालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नाही. मोटारगाड्यांचे यंत्रशास्त्र शिकविणे हा माझा व्यवसाय. तरीही अपघात विभाग चालविणाऱ्या संस्थेने मला बोलाविले, याचे कारण उघड आहे. घाटाच्या पायथ्याशी जे जखमी येतात, त्यांतील काहींची दुखापत घाटमाथ्यावर, गिअर निवडण्याच्या क्षणी ठरून गेलेली असते.

बोरघाटाचेच उदाहरण घ्या. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतरताना उंचीत सुमारे 500 मीटरचा फरक पडतो. 25 टन वजनाचा भरलेला ट्रक एवढा खाली आला की जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे 390 लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळू शकेल. ही उष्णता कोठे तरी जावयास हवी. चालकाने केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर तिचा फार मोठा भाग ब्रेकच्या ड्रममध्ये व लायनरमध्ये साठतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकड ढिली पडते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. लोक त्यास ‘ब्रेक फेल’ म्हणतात. वस्तुतः पुष्कळदा ब्रेक मोडलेला नसतो, थकलेला असतो. गाडी थंड झाल्यावर तपासणाऱ्यास तो ठीकठाकही आढळू शकतो.

हा भार इंजिनाने वाटून घ्यावा, यासाठी खालचा गिअर. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनास फिरवू लागतात आणि इंजिनातील घर्षण व हवा दाबण्याचे श्रम गाडीस मागे ओढतात. गिअर जितका खालचा, तितकी ही ओढ अधिक. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर ती आणखी वाढते. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये तो उतरा, असा जुन्या चालकांचा दंडक होता. आजच्या अधिक ताकदीच्या गाड्या तोच चढ वरच्या गिअरमध्ये चढतात, म्हणून उतरताना त्याहून एक गिअर खालचा घेणे शहाणपणाचे.

मात्र हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच पडला पाहिजे. वेग वाढल्यावर खालचा गिअर घेऊ पाहिले तर तो पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकून राहते. त्यानंतर ब्रेक लागतो तो वेग बेताच्या वर जाईल तेव्हाच. ठाम दाबून वेग ताशी आठ-दहा किलोमीटरने कमी करावा व पाय उचलावा. संपूर्ण घाटभर पेडलवर पाय ठेवून उतरू नये.

आता न्यूट्रलविषयी. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची, क्वचित इंजिनही बंद करण्याची सवय आपल्याकडे आहे. पुण्यात 20 नोव्हेंबर 2022 रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरलेल्या ट्रकने नवले पुलाजवळ अनेक वाहनांना धडक दिली. त्या वेळीही उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. इंजिन बंद झाले की हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकबरोबर टाकीतील हवा घटते, स्टिअरिंगही जड होते. आणि बचतीचे म्हणाल, तर इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या गाडीत गिअर घालून ॲक्सिलरेटर सोडला असता डिझेल जवळजवळ पूर्णपणे बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यास ते लागतेच. एवढे साधे गणित आमच्या धंद्यात अजून रुजलेले नाही, याचा मला खेद वाटतो.

चालकास दोष देणे सोपे आहे. परंतु खेपेमागे मोजून डिझेल द्यावयाचे आणि कमी पडल्यास त्याच्या पगारातून कापावयाचे, असा हिशेब जेथे चालतो, तेथे न्यूट्रलचा मोह मालकानेच निर्माण केलेला असतो. 2018 मध्ये तीन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा 25 वरून 28.5 टन झाली. तेव्हा उतारावरील भारही त्या प्रमाणात वाढला, पण कित्येकांचा डिझेलचा तक्ता जुनाच राहिला. या सभागृहात देणगीदार म्हणून बसलेले काही वाहतूकदार आहेत. त्यांनी या महिन्याच्या पगारपत्रकातून डिझेलची कपात काढून टाकावी आणि घाटमार्गाच्या गाड्यांचे लायनर व ड्रम पावसाळ्यापूर्वी उघडून पाहावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.