पायउतार

(आकाशवाणीवरून केलेले भाषण)



मी जालना जिल्ह्यात पाळक म्हणून काम करतो. आमच्या मंडळीत पाद्र्याला पाळक म्हणतात. मेंढरे राखतो तो पाळक. या कामाला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांतली एक संध्याकाळ आज तुमच्यापुढे मांडायची आहे. श्रद्धा कृतीत उतरवणे म्हणजे काय, याचा माझा पहिला धडा त्या संध्याकाळी झाला.

मे महिना होता. एका वस्तीवर समाजमंदिराच्या ओट्यावर प्रार्थना ठेवली होती. सतरंजीवर तीस-चाळीस माणसे बसली होती, बहुतेक बायका आणि म्हातारी माणसे. मी योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचला. याकोबाच्या विहिरीवर येशूला एक शोमरोनी स्त्री भेटते आणि तो तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो, तो हा प्रसंग. मी मनापासून बोलत होतो. एवढ्यात रस्त्याच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला, आणि पाहता पाहता सतरंजी रिकामी झाली. कुणी हंडा घेऊन धावले, कुणी ड्रम ढकलत नेला. पुस्तक हातात धरून मी एकटाच ओट्यावर उभा राहिलो.

मला वाईट वाटले. देवाच्या वचनापेक्षा टँकर मोठा झाला का, असा रागही मनात आला. मग दिसले की एका आजींना टँकरचा पाइप आवरत नाही. पाणी हंड्याबाहेर जमिनीवर चालले होते. मी पुस्तक ठेवले, जाऊन पाइप धरला. तासभर हंडे भरले, उचलून दिले. त्या रात्री घरी येऊन तोच अध्याय पुन्हा उघडला, आणि इतक्या वेळा वाचूनही न दिसलेली गोष्ट दिसली. येशूने त्या स्त्रीला सुरुवातीलाच उपदेश केला नाही. भर दुपारी, चालून थकलेल्या येशूने आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. यहुद्याने शोमरोन्याच्या हातचे पाणी मागायचे, ही त्या समाजात किती मोठी गोष्ट होती, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पाणी आणि विटाळ यांचे नाते आपल्या गावागावांतल्या पाणवठ्यांनी पाहिलेले आहे.

म्हणजे जिवंत पाण्याच्या गोष्टीआधी साध्या पाण्याची गोष्ट आहे. मी ती ओलांडून पुढे गेलो होतो.

त्याच शोमरोनातल्या आणखी एका माणसाची गोष्ट येशूने सांगितली आहे. ती तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चोरांनी मारून अर्धमेला केलेला एक वाटसरू रस्त्याकडेला पडला होता. याजक बघून निघून गेला, मंदिरात सेवा करणारा लेवीही निघून गेला. शोमरोनी थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या, आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. या गोष्टीवर बोलताना दयेविषयी पुष्कळ बोलले जाते. मला मात्र त्यातले जनावर महत्त्वाचे वाटते. जखमी माणूस जनावरावर बसला, तेव्हा धनी खाली उतरलेला होता. उरलेली वाट तो पायी चालला. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: पायउतार. सत्तेवरून खाली येण्यासाठी आज आपण तो वापरतो. मूळचा अर्थ साधा आहे, वाहनावरून उतरून जमिनीवर पाय टेकणे. माझ्या समजुतीने श्रद्धा कृतीत येते ती अशीच. आपण बसलो असू त्या उंचीवरून उतरावे लागते, आणि ती जागा दुसऱ्याला द्यावी लागते.

आमच्या जालन्याच्या मंडळीचा इतिहास अशाच एका पायउतार झालेल्या माणसापासून सुरू होतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते. मुंबईत राहून अध्यापन करावे, मानाने जगावे, अशी सगळी अनुकूलता होती. पण १८६० नंतरच्या वर्षांत ते निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. तेव्हाचे जालना म्हणजे कुंडलिकेकाठचे जुने व्यापारी गाव आणि शेजारी फौजेची छावणी. रेल्वे इथे अजून आलेली नव्हती. शेषाद्री आले ते गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे, मुख्यतः मातंग समाजाकडे.

दोर वळणारी, केरसुण्या बांधणारी, हलगी वाजवणारी ही माणसे. गावाचे काम केले तर बलुते मिळणार, काम सोडले तर घास तुटणार. त्यांच्या पायाखालची जमीनही त्यांची नव्हती. अशा माणसाला तू देवाचे लेकरू आहेस असे सांगणे सोपे आहे. पण ते ऐकून तो मान वर करून उभा राहिला, तर संध्याकाळी त्याची चूल कशाच्या जोरावर पेटणार? शेषाद्रींनी हा प्रश्न टाळला नाही. जालन्याजवळ त्यांनी एक गावच वसवले. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. घरे, शेते, शाळा आणि प्रार्थनामंदिर असलेले गाव. त्यासाठी जमीन दिली हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी. ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक, मुसलमान दिवाण आणि मातंग कुटुंबे, असे तिघे मिळून मराठवाड्याच्या मातीत एक गाव उभे राहिले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली, तेव्हा जगभरच्या धर्मपंडितांपुढे शेषाद्री बोलले. पण आम्ही त्यांना आठवतो ते त्या भाषणासाठी नव्हे. देवाच्या घराबरोबर माणसाला स्वतःचे घर लागते, हे त्यांनी ओळखले, म्हणून आठवतो.

याच घराण्यातली दुसरी हकीकतही सांगितली पाहिजे. ती लपवली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत. तो अल्पवयीन मुलगा १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पुढे प्रश्न उभा राहिला की मिशनरींच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही. सनातन्यांनी कडाडून विरोध केला. तेव्हा मुलाच्या बाजूने उभे राहिले ते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. या शास्त्रीबुवांनी स्वतःच्या जातीचा रोष अंगावर घेतला आणि त्याला परत घेतलेच पाहिजे असा आग्रह धरला.

मी ख्रिस्ती पाळक आहे, आणि तरीही या प्रकरणाचा विचार करताना मला त्या वडिलांचे दुःख आधी दिसते. बाळशास्त्रींना मी मनोमन नमस्कार करतो. त्यांची श्रद्धा माझ्याहून वेगळी होती, पण तिचे पाय जमिनीवर होते. एका मुलाला दार बंद होऊ नये म्हणून तेही आपल्या मानाच्या जागेवरून खाली उतरले. कुणाच्याही श्रद्धेची परीक्षा अशाच वेळी होते. आपल्या धर्माचे नाव मोठे करायचे, की समोरच्या लेकराचे भले पाहायचे, यांतून तेव्हा एक निवडावे लागते.

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागायची नाही. भुकेल्याला भाकरी द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. भाकरीच्या आड धर्म सरकवला तर दोन्ही नासतात. भाकरीला सौद्याचा वास लागतो आणि धर्म लाच होऊन बसतो. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा देव कोणता, असे विचारल्याचे त्या गोष्टीत कुठेही नाही.

हा जिल्हा समर्थ रामदासांचाही आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. दासबोधात त्यांनी नुसत्या बोलघेवड्या परमार्थाची कानउघाडणी किती ठिकाणी केली आहे, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. नव्या करारातल्या याकोबाने (विहिरीचा याकोब वेगळा) आपल्या पत्रात हेच बजावले आहे. कृतीशिवाय विश्वास निर्जीव आहे, असे तो म्हणतो. उघड्या, उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' असे नुसते तोंडाने सांगून काय उपयोग, असे तो विचारतो. जांबच्या मातीत वाढलेल्या माणसाला याकोब परका वाटू नये.

आता अलीकडच्या काळातले एक उदाहरण. फादर हरमन बाखर हे जन्माने स्विस, जेझुइट संघाचे धर्मगुरू. १९४८ मध्ये ते भारतात आले आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, अनेक दशके राबले. दुष्काळी गावांत फिरताना त्यांनी पाहिले की मदतीचे धान्य येते, संपते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस पुन्हा रांगेत दिसतो. मग गावाच्या शिवारात पडणारा पाऊस गावातच मुरवायचा, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारचे साहाय्य आणि नाबार्डची साथ त्याला मिळाली. पैसा आला, पण गावाला अटीही होत्या. श्रमदान करायचे. डोंगरावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची. आणि निर्णय गावाने बसून घ्यायचा.

या कार्यक्रमात आपल्या जालना तालुक्यातले कडवंची आले. १९९६ पासून तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्यासारखी माणसे गावकऱ्यांच्या पाठीशी उभी राहिली. चर खोदले, बांधबंदिस्ती झाली, पुढे शिवारभर शेततळी झाली. आपल्याकडे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. तेवढ्यावर कडवंचीने द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळून निघाला, फळबागा वाळून सरपण झाल्या. त्या दिवसांत कडवंचीच्या शेततळ्यांतल्या साठ्यावर तिथले द्राक्षवेल तगून राहिले.

आता पाहा. एका परदेशी धर्मगुरूच्या मनातला विचार इथे आला, तो आपल्याच शेतीतज्ज्ञांनी उचलला आणि गावाच्या हातांनी मातीत उतरवला. आज कडवंचीच्या बांधावर उभे राहिले तर हे श्रेय कुण्या एका धर्माचे आहे असे म्हणता येत नाही. मला यातच श्रद्धेची खरी परिणती दिसते. देणारा बाजूला होतो आणि घेणारा धनी होतो. शोमरोन्यानेही जखमी माणसाला आयुष्यभर जनावरावर बसवून ठेवले नाही. उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, जास्त खर्च आला तर परतताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेला लागला.

पुष्कळ जण मला विचारतात, पाळकसाहेब, एवढी मोठी कामे आम्ही कुठून करणार? आम्ही ना फादर बाखर, ना नारायण शेषाद्री. त्यांना मी टँकरची ती संध्याकाळ सांगतो. त्या दिवशी मी काही मोठे केले नव्हते. एक पाइप धरला होता. पण तो धरण्यासाठी ओट्यावरून खाली उतरावे लागले. मोठी कामे अवघड असतात, हे खरे. पण खाली उतरण्याचे ते पहिले पाऊलच त्याहून अवघड असते. आपण शिकवणारे, देणारे, वरचे, ही भावना सहजी सुटत नाही.

त्यानंतर त्या वस्तीवर मी अनेकदा गेलो. प्रार्थनेची वेळ आता आम्ही टँकरची वेळ विचारून ठरवतो. आधी पाणी भरून होते, मग सतरंजी अंथरली जाते. मी अध्याय वाचायला घेतो तेव्हा कुणाचे लक्ष रस्त्याकडे नसते. भरलेल्या हंड्यांची रांग ओट्याशेजारी उभी असते, आणि मला वाटते की आमच्या प्रार्थनेतला एक भाग तोही आहे.

श्रोतेहो, तुम्ही कुठल्याही देवाला हात जोडत असा, किंवा कुणालाच जोडत नसा, माझी एकच विनंती आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. आपल्या गावच्या तळ्यातला, बंधाऱ्यातला गाळ अजून काढायचा राहिला असेल. एखाद्या विहिरीचा कठडा ढासळला असेल. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला हंडा उचलवत नसेल. त्यांतले एक काम या आठवड्यात निवडा. कुणी सांगण्याची वाट पाहू नका, आणि ते झाल्यावर त्याची पाटी लावू नका. आपल्या जनावरावरून खाली उतरा आणि चार पावले पायी चाला.