कॉन्व्हेंटचे शुल्क आणि गच्चीवरचा वर्ग



कॉन्व्हेंट हा शब्द मध्यमवर्गीय घरांत कधी कौतुकाने उच्चारला जातो, कधी संशयाने. त्यामागचा इतिहास मात्र फारसा कोणी पाहत नाही. कोलकात्याच्या लोरेटो शाळांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

आयर्लंडहून सुमारे चार महिन्यांचा सागरप्रवास करून लोरेटो संघाच्या धर्मभगिनी 30 डिसेंबर 1841 रोजी कोलकात्यास पोहोचल्या. त्यांच्या प्रमुख मदर डेल्फिन हार्ट. 1842 मध्ये मिडल्टन रो येथे लोरेटो हाउस सुरू झाले. या परंपरेची मूळ संस्थापिका मेरी वॉर्ड ही इंग्रज स्त्री. स्त्रियांनी मठाच्या भिंतीआड कोंडून न घेता समाजात मुलींना शिकवावे, हा तिचा आग्रह. 1609 मध्ये तिने कार्यारंभ केला आणि 1631 मध्ये पोप आठवे अर्बन यांनी ती संस्थाच बरखास्त केली! स्त्रीशिक्षणाची वाट केवळ हिंदू समाजानेच अडवली, असे मानणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानी ठेवावे.

लोरेटो हाउसमध्ये प्रारंभी प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन घरांतील मुली शिकत. अनाथ व निर्धन मुलींची सोय निराळी. संस्था एक, पण शुल्क देणारी मुलगी एका दारातून आत येई आणि न देणारी दुसऱ्या. खासगी शिक्षणाचे हे मूळ दुखणे आहे आणि ते कॉन्व्हेंटपुरते मर्यादित नाही.

त्याच शहरात, बागबाजारच्या गल्लीत, 13 नोव्हेंबर 1898 रोजी दुसऱ्या एका आयरिश स्त्रीने शाळा उघडली. या भगिनी निवेदिता. शारदामातेच्या उपस्थितीत आरंभ झालेल्या या शाळेत पडद्यातल्या बंगाली घरांतील मुली येत. निष्ठा अपार, पण पैसा नाही. अवघ्या काही महिन्यांत, 1899 मध्ये, निधीसाठी निवेदितांना परदेशी जावे लागले. शुल्क घ्यावे तर गरीब मुलगी दुरावते, न घ्यावे तर शाळाच चालत नाही. ध्येयवादी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला हा पेच परिचित आहे.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना 25 टक्के जागा वंचितांसाठी ठेवण्यास सांगितले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले. 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची आवश्यकता मांडली. एका शाळेवर भार आणि शेजारच्या शाळेला सूट, ही तक्रार रास्तच आहे.

पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कायदा येण्यापूर्वी तीस वर्षे, 1979 मध्ये, सियालदहच्या लोरेटो शाळेची सूत्रे सिस्टर सिरिल मूनी यांनी हाती घेतली आणि ती दोन दारे एक केली. क्रमाक्रमाने निम्म्या मुली विनाशुल्क शिकू लागल्या. त्यांचा खर्च उरलेल्यांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून निघे. 1985 पासून स्थानकाच्या आसपास रस्त्यावर वाढणारी मुले-मुली शाळेत येऊ लागली. त्यांना वेळापत्रक नव्हते. जमेल तेव्हा यावे. नियमित वर्गातल्या विद्यार्थिनी आपल्या तासिकेत गच्चीवर जात, एकेका मुलासमोर बसत आणि त्याला अक्षरे गिरवायला शिकवीत. काही मुली रात्री त्याच गच्चीवर झोपत आणि सकाळी खालच्या वर्गात जात.